अण्णांचं डोकं आणि वन्संची भिंत

खुर्ची सरकवली ती आक्कांनीच. केर काढताना खुर्ची सरकवायची असते, तिच्या भोवतीने नुसता झाडू फिरवायचा नसतो, हे ज्या बायकांना कळतं त्यांत आक्का मोडत होत्या. ज्यांना कळत नाही त्यांची नावं त्यांना तोंडपाठ होती. दोन महिने केर सूनबाई काढत होती; मंगळवारी सकाळी आक्कांनी झाडू हातात घेतला, खुर्ची सरकली आणि मागच्या भिंतीवर आक्कांना आपल्या नवऱ्याचं डोकं दिसलं.

नवरा स्वतः न्हाणीघरात गुणगुणत होता. भिंतीवर होता तो त्याचा डाग. ताटलीएवढा, गोल, तेलकट, खाली मानेकडे निमुळता आणि वर जिथे टक्कल आहे तिथे जरा जास्तच गडद. दोन्ही बाजूंना कानांच्या जागी दोन फुगवटे. ओळख पटवायला कुणाला बोलवायची गरज नव्हती.

"अहो!"

"काय गं?"

"बाहेर या."

"साबण लागलाय अंगाला."

"तसेच या."

अण्णा टॉवेल गुंडाळून, ठिबकत आले. चष्मा नव्हता, म्हणून बघायला भिंतीच्या अगदी जवळ गेले. ओलं डोकं पुन्हा कागदाला टेकणार तोच आक्कांनी त्यांना दंडाला धरून मागे ओढलं.

"ओल आली असेल," अण्णा म्हणाले.

"ओलीला कान फुटतात का?"

अण्णांनी हळूच स्वतःच्या कानांना हात लावून बघितला. दोन महिने रोज सकाळी डोक्याला तेल चोपडायचं, खुर्चीत बसायचं, पेपर उघडायचा आणि जगाची काळजी करत मान मागे टाकायची, एवढंच तर त्यांनी केलं होतं. पेपरवाले काळजीही रोज नवी छापतात.

घर स्वतःचं असतं तर आक्कांनी नवऱ्याला चार शब्द सुनावून विषय संपवला असता. चार म्हणजे चारशे. पण घर होतं वन्संचं. आक्कांच्या स्वयंपाकघरात पाइप फुटून फरशी उखडावी लागली होती, आणि वन्सं, म्हणजे अण्णांची धाकटी बहीण, दोन महिने लेकीकडे निघाली होती. "माझं घर रिकामंच आहे, या राहायला," असं तिनेच म्हटलं. किल्ली दिली आणि किल्लीबरोबर घराची सफर घडवली. चार जागा, चार भिंतकागद, सगळे अकरा वर्षांपूर्वी लावलेले. हॉलमध्ये प्लास्टिकचा मुलामा दिलेला, मोठ्या फुलांचा. हॉलपासून आत जाणाऱ्या बोळात सुकं गवत विणून चिकटवल्यासारखा, खरखरीत. वन्संच्या स्वतःच्या खोलीत मखमली, उठावाच्या नक्षीचा. आणि पाहुण्यांच्या खोलीत, म्हणजे आक्का-अण्णांच्या वाट्याला आलेल्या खोलीत, साधा कागद. मातकट रंगाचा, त्यावर बारीक वेल.

"चारही वेगळे आहेत हं, वहिनी," वन्संनी दारात उभं राहून सांगितलं होतं. "म्हणून म्हणते, भिंतींना हात लावू नका. मी कुणालाच लावू देत नाही."

आक्का आणि वन्सं यांच्यात पस्तीस वर्षांत एकदाही भांडण झालं नव्हतं. झालं असतं तर बरं झालं असतं, मिटलं तरी असतं. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात आक्कांनी घासून ठेवलेली पातेली वन्संनी उचलली आणि एक शब्द न बोलता परत घासली. बस, एवढंच. पण आक्कांनी त्या दिवशी मनाशी ठरवलं की या बाईला पुन्हा बोट ठेवायला म्हणून जागा द्यायची नाही. पस्तीस वर्षं दिली नाही. आता नवऱ्याने ताटलीएवढी दिली होती. आणि वन्सं रविवारी दुपारी परत येणार होत्या.

"पाच दिवस आहेत," आक्का म्हणाल्या. "तुम्ही आधी अंग धुऊन या. आणि आजपासून डोक्याला तेल बंद."

"रविवारपर्यंत?"

"बघू."

समोरच्या दारात मास्तरीणबाई राहायच्या. शाळेतून सुटून त्यांना दहा वर्षं झाली होती, पण शाळा त्यांच्यातून सुटली नव्हती. घरातला आवाज ऐकून त्या आल्याच. डाग पाहिला, चष्मा वर केला, खाली केला.

"हे बघा, आक्का. भिंतकागदाचे प्रकार असतात. प्लास्टिकचा धुता येतो. साधा कागद धुता येत नाही, तो कोरडाच साफ करायचा. गवती कागदाला पाणी दाखवायचंसुद्धा नाही. आणि मखमलीला तर फक्त मऊ ब्रश. आलं लक्षात? सांगा बघू, साधा कागद कसा साफ करायचा?"

आक्का आयुष्यात चौथीपर्यंत शाळेत गेल्या होत्या आणि त्यातही तिसरी दोनदा केली होती. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांना कुणी प्रश्न विचारलेला चालण्यासारखा नव्हता.

"बाई, मी घर सांभाळलंय," त्या म्हणाल्या. "पाणी आणि साबण लावून जे निघत नाही ते घाण नसतं, ते नशीब असतं."

आणि त्यांनी बादली भरली. आधी हॉलमध्ये हात साफ करून घेतला. प्लास्टिकच्या फुलांवर साबणाचं फडकं वरून खाली फिरवलं तर ओघळ आले. मास्तरीणबाई दारातून म्हणाल्या, "खालून वर पुसा, म्हणजे ओघळ उमटत नाहीत." आक्कांनी ऐकलं नाही असं दाखवून खालून वर पुसायला घेतलं. मग कोरड्या फडक्याने टिपलं. फुलं अशी उजळली की आत्ताच उमलली असावीत. अण्णा 'वा' म्हणाले. तिथेच चुकलं. हॉलची भिंत चमकली नसती तर पुढचं काही घडलं नसतं. पण यश डोक्यात गेलं की माणूस दुसऱ्या खोलीत जातो.

सूनबाई, जी त्यांच्याबरोबर इथेच राहायला आली होती, कामावरून आली तेव्हा सासूबाई ओलं फडकं घेऊन डागासमोर उभ्या होत्या. सून दवाखान्यात रक्त तपासायच्या कामाला होती आणि थोडंसं घेऊन बघितल्याशिवाय कशावरच विश्वास ठेवायची नाही, अगदी आमटीवरसुद्धा.

"आई, थांबा! आधी कुणाला दिसणार नाही अशा कोपऱ्यात लावून बघा."

कपाटामागे जागा सापडली. आक्कांनी फडकं टेकवलं, जरासं दाबलं, आणि काढलं तर वेलीची तीन पानं फडक्यावर आली. मागचा कागद फुगून वर आला आणि एखादा रुसलेला माणूस असतो तसा गाल फुगवून बसला.

"कपाटामागे आहे," अण्णा म्हणाले. "कपाट थोडंच कुणी सरकवतं."

"मी सरकवते," आक्का म्हणाल्या, "आणि तुमची बहीण माझ्यापेक्षा वरचढ आहे."

 त्या रात्री अण्णांनी उशीवर डोकं ठेवताना खाली टॉवेल घातला.

बुधवारी सकाळी सूनबाईला आठवलं की वन्संनी उरलेल्या भिंतकागदाची गुंडाळी इमारतीच्या तळघरातल्या सामानाच्या खोलीत ठेवलीय. एक तुकडा मिळाला तर कपाटामागची तीन पानं झाकता येतील. तळघराची चावी इमारतीच्या ऑफिसात होती, आणि ऑफिसात कारकून होता. आक्का अण्णांना घेऊन गेल्या, कारण फॉर्म भरायचा तर लिहायला कुणीतरी हवं, आणि अण्णांना अजून काही शिक्षा झालेली नव्हती.

कारकुनाने फॉर्म पुढे सरकवला. नाव, मजला, सामानाचं वर्णन, सगळं अण्णांनी सुबक अक्षरात लिहिलं.

"मालकांशी नातं?" कारकुनाने विचारलं.

"भावजय," आक्का म्हणाल्या.

कारकुनाने फॉर्म आपल्याकडे फिरवून वाचला. "भावजय नाहीये."

"नाहीये म्हणजे? समोर बसलेय की!"

"चौकटीत नाहीये. पती, पत्नी, मुलगा, मुलगी, भाडेकरू आणि इतर. यांपैकी एकावर खूण करायची."

"मी सख्खा भाऊ आहे," अण्णा म्हणाले.

कारकुनाने पुन्हा वाचलं. "भाऊपण नाहीये."

"मग 'इतर'वर करा खूण," अण्णा म्हणाले आणि पेन टेकवणार, तोच आक्कांचा हात कागदावर पडला.

"कोण इतर?"

"अगं, फॉर्मपुरतं..."

"तुम्ही व्हा इतर. मी होणार नाही. पस्तीस वर्षं त्यांच्या मुलीची बाळंतपणं, त्यांच्या सासूचं आजारपण, त्यांच्या दिवाणखान्याचे पडदे, सगळ्याला मी धावले. ते काय इतर म्हणून? इतर म्हणजे रस्त्यावरचा माणूस. भाडेकरूला चौकट आहे आणि भावजयीला नाही? हा फॉर्म काढला कोणी? त्याला बायको नसणार. असली तरी बहीण नसणार."

कारकुनाने शांतपणे ऐकून घेतलं. तो रोज ऐकत असावा. मग म्हणाला, "आणि इतर असाल तर मालकांच्या सहीचं पत्र लागतं."

म्हणजे गुंडाळी हवी तर वन्संची सही हवी, आणि वन्संची सही मागायची तर वन्संना सांगायला हवं की भिंतीला काय झालं. सरकारी असो की खाजगी, ऑफिस माणसाला असं गोल फिरवून आणून जिथून निघाला तिथेच उभं करतं. आक्का जागेवरून उठल्या, फॉर्मची घडी घातली, आणि ती कारकुनाच्याच टेबलावरच्या टोपलीत टाकली. जिना चढताना अण्णांनी एकदा तोंड उघडलं होतं. पहिल्याच मजल्यावर मिटलं.

आता मास्तरीणबाईंना शरण जाण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. शरण जायचीही आक्कांची पद्धत होती. त्या समोरच्या दारात गेल्या आणि म्हणाल्या, "बाई, तुम्हाला दुपारी काही काम नसेल तर या. बसून कंटाळत असाल."

मास्तरीणबाई टिपकागदाचं पुडकं घेऊन आल्या. शाळा सोडताना आणलेलं, अजून कोरं. डागावर टिपकागद धरायचा, वरून कोमट इस्त्री हलकेच टेकवायची, उचलायची, कागद बदलायचा. तेल वितळून टिपकागदात उतरतं. आक्कांनी इस्त्री धरली, मास्तरीणबाईंनी कागद धरला, अण्णांनी श्वास धरला. पहिल्या कागदावर अण्णांचं डोकं उतरलं. दुसऱ्यावर अर्धं. सहाव्यावर नुसते कान. आठव्या कागदानंतर भिंतीवरचा डाग गेला होता.

जागा मात्र गेली नव्हती. तेल उतरलं ते एकटं उतरलं नाही, बरोबर अकरा वर्षांची धूळ घेऊन उतरलं. मातकट भिंतीवर आता स्वच्छ, निळसर, ताटलीएवढं वर्तुळ उमटलं होतं. कानांसकट. कालपर्यंत भिंतीवर काळं डोकं होतं, आज गोरं होतं, आणि गोरं जास्त लांबून दिसत होतं.

"म्हणजे हा कागद निळा आहे?" सूनबाई म्हणाली.

कुणाला माहीत नव्हतं. 

"आता पूर्ण भिंत त्या रंगाला आणायला हवी," मास्तरीणबाई म्हणाल्या. "शिळ्या पावाचा मऊ गाभा घ्यायचा आणि कोरडाच हलक्या हाताने घासायचा. धूळ पावाला चिकटते."

"पावाचा चुरा पडतो," आक्का म्हणाल्या. "मुंग्या होतील. त्यापेक्षा कणीक घट्ट मळते. कणकेचा गोळा चुरा सोडत नाही आणि मळला की आत दुमडून परत वापरता येतो."

मास्तरीणबाईंनी विचार केला आणि मान डोलावली. आक्का मनात इतक्या फुलल्या की त्यांनी चहा केला, आणि बाईंना बिस्किटंही दिली.

गुरुवारी सकाळी परात काढली. कणीक घट्ट मळली. चार मुठींएवढे चार गोळे केले. सूनबाई कामावर गेली होती, अण्णांना खालचा भाग दिला, मास्तरीणबाईंना मधला, आणि वरचा आक्का स्टुलावर उभ्या राहून स्वतः. वरून खाली, एका दिशेने, हात हलका. गोळे काळे होऊ लागले. आतून निळं निघू लागलं. वेलीला पानं तर होतीच, आता बारीक पांढरी फुलंही निघाली, जी आजवर कुणी बघितली नव्हती. आक्कांना काम करता करता जुनी गाणी सुचू लागली आणि त्या ती म्हणूही लागल्या, आणि अण्णांनी सूर धरला, आणि मास्तरीणबाईंनी सूर चुकला तिथे दुरुस्त केला. दुपारपर्यंत दीड भिंत झाली.

मग ऊन फिरलं आणि खिडकीतून तिरकं आत आलं. भिंत चकाकली. हॉलसारखी चकाकली नाही, नुकत्याच परतलेल्या वांग्यासारखी चकाकली.

सूनबाई घरी आली, पर्स ठेवली, भिंतीवर बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला.

"आई, कणकेत तेल घातलंत?"

"म्हणजे?" आक्का म्हणाल्या. "तेल घातल्याशिवाय कणीक मळतात का?"

हे वाक्य त्यांच्या तोंडून सुटलं आणि मग त्यांच्याच कानांत शिरलं.  गेली चाळीस वर्षं त्या हाताने रोज कणीक मळली होती आणि रोज शेवटी पळीभर तेल घातलं होतं, ते काही डोक्याला विचारून घातलेलं नव्हतं. हात गेला, बरणीकडे वळला, तेल पडलं. आक्का फक्त परातीपाशी उभ्या होत्या. नवऱ्याने दोन महिन्यांत डोक्याएवढं तेल भिंतीला लावलं होतं. त्यांनी एका सकाळीत दीड भिंत माखली होती.

अण्णा हसले नाहीत. आक्कांनी बारकाईने बघितलं, खरंच हसले नाहीत. पण त्यांनी टॉवेल तोंडावर धरून घाम पुसला, आणि बराच वेळ पुसत राहिले.

"पुसा, पुसा," आक्का म्हणाल्या. "तेवढंच करा."

शुक्रवारी सूनबाईने रजा घेतली. तिने सगळं एखाद्या रुग्णाचं घ्यावं तसं हातात घेतलं. टिपकागद दीड भिंतीला पुरणार नव्हता. म्हणून आधी पावडर. अंगाला लावायची साधी पावडर भिंतीवर लावून ठेवायची, ती तेल शोषून घेते, मग झटकायची, आणि राहिलेल्या जागी टिपकागद आणि इस्त्री. दुकानात होते तेवढे पावडरचे डबे आणले. दुकानदाराने विचारलं, घरात बाळ आलंय का. अण्णा म्हणाले, "हो," कारण खरं सांगायला वेळ लागला असता. दुकानदाराने अभिनंदन केलं आणि वर एक खुळखुळा दिला.

अकरा वाजेपर्यंत दीड भिंत पांढरी झाली, चौघं पांढरी झाली, आणि पावडर तेल प्यायला लागली. तासाभरात भिंतीचा तेलकटपणा उतरल्याचं दिसू लागलं. आक्का खिडक्या बंद करून, दम धरून, हातात मऊ फडकं घेऊन पावडर झटकायला उभ्या राहिल्या. इस्त्रीही तापत होती. खोलीत उकडायला लागलं.

अण्णांनी आयुष्यात स्वतःहून फार थोडी कामं केली आहेत. त्यांतलं एक त्या वेळी केलं. बायकोला उकडतंय हे बघून त्यांनी पंखा लावला. पाचावर.

पुढच्या क्षणी कुणाला कुणी दिसेना. पावडरचा ढग उठला, छताला लागला, दारातून बाहेर पडला. बोळातून जाताना गवताच्या विणीत शिरून बसला, पुढे वन्संच्या खोलीचं दार सताड उघडं होतं तिथे आत शिरला आणि मखमलीच्या उठावावर आरामात टेकला. ढगातून आक्कांचा आवाज आला, "बंद करा! बंद करा तो!" आणि अण्णांचा आवाज आला, "बटण दिसत नाहीये!" आणि मास्तरीणबाईंचा आवाज आला, "सगळ्यांनी जागच्या जागी उभे राहा. मी हजेरी घेते."

सूनबाईने पंखा बंद केला. पावडर खाली बसली. साधा कागद होता तिथे मात्र काम फत्ते झालं होतं: पंख्याने झटकायचं काम करून टाकलं होतं, तेल गेलं होतं, भिंत निळी होती. दोनच जागी थोडी इस्त्री फिरवावी लागली. या खोलीत चार दिवसांत नीट साधलेलं पहिलं काम अण्णांच्या हातून साधलं होतं, आणि ते बोलून दाखवण्याची हिंमत अण्णांमध्ये नव्हती.

"आता मखमली आणि गवत," सूनबाई म्हणाली. "पाणी नको. नुसतं ओढून घ्यायचं."

धूळ खेचायचं यंत्र वन्संकडे होतं, कपाटात, पेटीतल्या पेटीत, प्लास्टिकही न काढलेलं. सूनबाईने त्याच्या तोंडावर पातळ कापड बांधलं, म्हणजे गवत ओढलं जाऊ नये, आणि बोळ विणीच्या दिशेने हळूहळू साफ केला. मखमली आक्कांनी अंगावर घेतली. त्यासाठी घरातला सगळ्यात मऊ ब्रश हवा होता, आणि तो निघाला अण्णांचा दाढीचा. अण्णांनी तो न मागताच आणून दिला. आक्का शुक्रवारची संध्याकाळ आणि शनिवारची सकाळ खालून वर, एका दिशेने, मखमलीला गोंजारत बसल्या. पावडर निघाली. पावडरबरोबर जुनी धूळही निघाली आणि उठावाची नक्षी दोन वेगळ्या लाल रंगांत असल्याचं त्यांना पहिल्यांदा दिसलं. एवढ्या प्रेमाने त्यांनी कधी मुलांच्या केसांवरूनही हात फिरवला नसेल. मुलं वळवळायची, भिंत वळवळत नाही.

उरलं एवढंच की पाहुण्यांच्या खोलीत दीड भिंत निळी होती आणि अडीच मातकट. शनिवारी दुपारी पुन्हा परात निघाली. या वेळी तेलाची बरणी मास्तरीणबाईंच्या घरी नेऊन ठेवली आणि आक्का मळत असताना सूनबाई शेजारी उभी राहिली. शेवटी शेवटी आक्कांचा उजवा हात बरणीच्या रिकाम्या जागेकडे गेलाच. तिथे चाचपडला, आणि ओशाळून परत आला.

रविवारी सकाळी अकराला शेवटचा गोळा काळा झाला. कपाटामागे सूनबाईने सुटलेली पानं डिंकाच्या एका थेंबाने बसवली होती आणि वर हात फिरवून ती दिसत नाहीत असं सगळ्यांनी ठरवलं होतं. घर लखलखत होतं. आक्कांनी सगळ्यांना ओळीने उभं केलं.

"कुणी एक शब्द काढायचा नाही. आपण भिंतींना हात लावला नाही. समजलं? बाई, तुम्हालाही सांगते."

"मी खोटं बोलत नाही," मास्तरीणबाई म्हणाल्या. "पण मी विचारल्याशिवाय बोलतही नाही."

"तेवढं पुरे."

वन्सं आल्या. बॅग ठेवली, पाणी प्यायल्या, आणि घर बघायला निघाल्या. हॉल बघितला. भुवया वर गेल्या. बोळातून हात मागे घेऊन, भिंतीला न लागता चालल्या. आपल्या खोलीत डोकावून आल्या. मग पाहुण्यांच्या खोलीच्या दारात येऊन थबकल्या.

आक्कांच्या पोटात गोळा आला. कणकेचाच असावा.

"वहिनी," वन्सं म्हणाल्या, "हा कागद निळा आहे?"

वन्सं आत गेल्या, फुलांजवळ नाक नेलं, मागे झाल्या. आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू एक समाधान पसरलं, जे आक्का पस्तीस वर्षं ओळखत होत्या.

"बघा," वन्सं म्हणाल्या, "मी सगळ्यांना सांगते ते खोटं नाही. चांगला कागद घेतला की त्याला काही करावं लागत नाही. अकरा वर्षं झाली, कुणी बोट लावलं नाही. आणि बघा कसा दिसतोय! माझा कागद धूळ धरतच नाही."

आक्का स्वयंपाकघरात गेल्या. चहा टाकला. साखर घातली. पुन्हा साखर घातली. हॉलमधून आवाज येत होता, "शेजारणींना म्हणते, स्वस्तातला घेऊन रोज पुसत बसता, त्यापेक्षा..." अण्णा दारात येऊन डोळ्यांनीच विनवत होते. सूनबाई कप धुवायच्या निमित्ताने शेजारी येऊन म्हणाली, "आई, जिंकलोय आपण. गप्प बसा." खरं होतं. जिंकलेच होते. बोट ठेवायला जागा म्हणून राहिली नव्हती. आक्कांनी ट्रे उचलला, हॉलमध्ये आल्या, वन्संच्या हातात कप दिला, बसल्या. एक घोट घेतला. पाकासारखा गोड लागला.

"धूळ धरतच नाही," वन्सं म्हणाल्या.

"धरत नाही?" आक्कांचा कप ट्रेवर आदळला. "सतरा गोळे कणकेचे काळे झालेत, वन्सं! सतरा! सगळे तुमच्या वेलीवर. आणि तुमच्या मखमलीतून जी निघाली ती मी डब्यात भरून ठेवायला हवी होती, दाखवायला!"

अण्णांनी डोळे मिटून घेतले. आता थांबणार नव्हतंच. आक्कांनी सगळं सांगितलं. अण्णांचं डोकं, कान, इस्त्री, कपाटामागची तीन पानं. तेलाची कणीक सांगायची नव्हती, तीही सांगितली, कारण दीड भिंत तेलातून परत आणली हे तेल सांगितल्याशिवाय कसं सांगणार? पंखा सांगितला. दाढीचा ब्रश सांगितला. उठून हातवारे करून सांगितलं, कुठे हात हलका ठेवला, कुठे खालून वर, कुठे वरून खाली. दम लागला तेव्हा बसल्या. आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपण काय केलं. पाच दिवस जे झाकायला जिवाचं रान केलं, ते त्यांनी स्वतःच्या तोंडाने पाच मिनिटांत उघडं करून ताटात वाढलं होतं.

वन्संनी कप खाली ठेवला. उठल्या, पाहुण्यांच्या खोलीत गेल्या. कपाट सरकल्याचा आवाज आला. आक्कांनी सुनेकडे बघितलं, सुनेने छताकडे.

वन्सं बऱ्याच वेळाने बाहेर आल्या आणि आक्कांच्या समोर येऊन बसल्या.

"दुकानदाराने बजावलं होतं," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "महिन्यातून एकदा मऊ ब्रश फिरवा. ते यंत्र पण त्यानेच घ्यायला लावलं. मी पहिल्या महिन्यात शिडी लावली, वर चढले आणि ब्रश टेकवायचा धीर होईना. इतका सुंदर कागद, आपल्याकडून बिघडला तर? उतरले. मग म्हटलं पुढच्या महिन्यात. अकरा वर्षं झाली, वहिनी. म्हणून येईल त्याला सांगत सुटले, हात लावू नका. मला रंग आठवेनासा झाला होता त्याचा."

आक्कांच्या जिभेवर पस्तीस वर्षांचं सगळं येऊन उभं राहिलं होतं. एकेक वाक्य घासूनपुसून, चकचकीत, तयार. अशी संधी पुन्हा येणार नव्हती. अण्णांनी ते ओळखलं आणि खुर्चीत पुढे सरकून बसले.

"मला शिकवाल?" वन्संनी विचारलं. "ते कणकेचं? माझ्या देवघराच्या बाजूची छोटी भिंत राहिलीय ना अजून, पडद्यामागची. तुम्हाला दिसली नसेल."

आक्कांनी वन्संच्या पुढे आलेल्या हातांकडे बघितलं. मऊ हात, प्रत्येक बोटात काहीतरी चमकणारं. त्या उठल्या, आत गेल्या, आणि परात बाहेर आणून दोघींच्या मधे ठेवली.

"आधी त्या अंगठ्या काढ," त्या म्हणाल्या. "कागद ओरखडतो."